जपानमध्ये वाफू पास्ता खायला जाताय?

स्पॅगेटी इटालियन, पण चव सोया सॉस, लोणी आणि दाशी नावाच्या जपानी स्टॉकची: हा झाला वाफू पास्ता. पहिल्यांदा खाणार असाल तर मेन्ताइको किंवा ताराको स्पॅगेटीच मागवा. टोकियोत शिबुया भागातलं 'काबे नो आना' हे रेस्टॉरंट ताराको स्पॅगेटीसाठीच नावाजलेलं आहे. ताराको म्हणजे पोलॉक माशाची खारवलेली गाभोळी. मेन्ताइकोत तिला मिरचीचा झणका असतो. घरी गाभोळी आवडीने खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही.

ताटली आली की फोटो राहू द्या, आधी तळापासून नीट कालवा. गुलाबी बारीक दाणे लोण्यासकट गरम स्पॅगेटीला लागले पाहिजेत. गार झालं की त्यांच्या गुठळ्या राहतात. वर पेरलेली नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, वाफेने लगेच मऊ पडते, म्हणून थोडी आधीच उचलून खा. शिसो या सुवासिक जपानी वनस्पतीचं पान असेल तर बाजूला सारू नका, खारटपणाला तेच उतारा देतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. नुसत्या मशरूमच्या पास्त्यातही बेकन असू शकतं, आणि दाशी बहुतेकदा सुक्या बोनिटो माशाची असते. ऑर्डर देण्याआधीच सांगा: 'निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन', म्हणजे मांस-मासे चालत नाहीत. दाशीचं वेगळं विचारा, कारण ती अनेकांच्या लक्षातच येत नाही.

'योमेनया गोएमोन'सारख्या ठिकाणी पास्ता चॉपस्टिकने खातात. रामेनसारखं भुरके मारणं इथे टाळा. टिप द्यायची पद्धत नाही.