पोटनिवडणुकीत उलटफेर झाला, तर त्याचे पडसाद कसे वाचावेत

विधानसभेच्या एखाद्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या हक्काची मानली जाणारी जागा गेली, की नाशिकमध्ये रविवार कारंजापासून सिडकोतल्या चहाच्या टपरीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते: ‘हवा बदलली.’ २ मार्च २०२३ रोजी पुण्याच्या कसबा पेठेचा निकाल लागला, त्या संध्याकाळी मीही माझ्या वहीत हेच दोन शब्द लिहिले होते. ते पान मी फाडलेले नाही, कारण पुढच्या वीस महिन्यांत ते शब्द किती उथळ होते हे मला त्याच पानाने दाखवून दिले. असा निकाल मतदारांच्या मनाविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक पक्षांच्या अंतर्गत ताणांविषयी सांगतो, असे माझे मत त्यानंतर बनले. नव्याने राजकीय लेखन करू पाहणारे विद्यार्थी, वार्डावार्डांत काम करणारे कार्यकर्ते आणि वर्तमानपत्र बारकाईने वाचणारे नागरिक यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे.

आधी आकडे, मग अर्थ

निकालाच्या दिवशी निष्कर्ष लिहू नये. त्या दिवशी फक्त कोष्टक तयार करावे. एका रकान्यात मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते आणि शेजारच्या रकान्यात पोटनिवडणुकीतील मते लिहावीत. येथे टक्केवारी पुरत नाही, प्रत्यक्ष मतसंख्या लागते, कारण पोटनिवडणुकीत मतदान बहुधा कमी होते आणि कमी मतदानात टक्केवारी फसवी ठरते.

कसब्याचेच उदाहरण घेऊ. मुक्ता टिळक यांच्या निधनामुळे ही जागा रिकामी झाली होती आणि १९९५ पासून ती भाजपकडे होती. २०१९ मध्ये टिळक यांना सुमारे ७५ हजार, तर काँग्रेसला सुमारे ४७ हजार मते मिळाली होती. २०२३ मध्ये काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ७३ हजारांवर पोहोचले, तर भाजपचे हेमंत रासने सुमारे ६२ हजारांवर थांबले. म्हणजे काँग्रेसच्या बाजूला सुमारे २६ हजार मतांची भर पडली, पण भाजपची घट साधारण १३ हजारांचीच होती. मग उरलेली मते कोठून आली, हा खरा प्रश्न आहे. २०१९ मध्ये शिवसेनेचा बंडखोर आणि मनसेचा उमेदवार वेगवेगळे लढले होते. २०२३ मध्ये महाविकास आघाडीचा उमेदवार एकच होता, आणि तो स्वतः शिवसेना व मनसे अशा दोन्ही पक्षांतून आलेला, गल्लीबोळांत ओळख असलेला माजी नगरसेवक होता. टिळक कुटुंबाला उमेदवारी न दिल्याने पेठांमधील पारंपरिक मतदार नाराज असल्याची चर्चा होती. परंतु ती नाराजी पुढे करून उभ्या राहिलेल्या अपक्षाला अगदी नगण्य मते पडली. यावरून माझा अंदाज असा की नाराज मतदार दुसऱ्याकडे कमी गेला आणि घरी अधिक बसला. या दोन गोष्टींचे राजकीय परिणाम सर्वस्वी वेगळे असतात, कारण घरी बसलेला मतदार परत आणता येतो.

हेच कोष्टक पंढरपूर-मंगळवेढ्यासाठी मांडले, तर वेगळेच चित्र दिसते. मे २०२१ मध्ये तेथे भाजपचे समाधान आवताडे यांनी राष्ट्रवादीचे भगीरथ भालके यांचा ३,७३३ मतांनी पराभव केला. राज्यात महाविकास आघाडीची सत्ता होती, वडील भारत भालके यांच्या निधनाची सहानुभूती होती, आणि तरीही जागा गेली. म्हणून सगळ्यांनी त्याला धक्का म्हटले. परंतु २०१९ मध्ये भारत भालके यांना जवळपास ९० हजार, भाजपच्या सुधाकर परिचारक यांना सुमारे ७६ हजार आणि अपक्ष आवताडे यांना सुमारे ५४ हजार मते मिळाली होती. परिचारक आणि आवताडे हे गट एकत्र येताच विजयाचे गणित कागदावर तयार झाले होते. उलट भगीरथ यांना वडिलांपेक्षा साधारण १६ हजार मते जास्त मिळाली, म्हणजे सहानुभूती होतीच. आणि दोन गटांची बेरीज १ लाख ३० हजारांची असताना आवताडे यांना सुमारे १ लाख ९ हजारच मते मिळाली. राजकारणात बेरीज करताना हातचा गळतो तो असा, आणि हा गळालेला हातचा पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवावा लागतो.

तिसरा नमुना बंडखोराचा. कसब्याच्याच दिवशी चिंचवडमध्ये भाजपच्या अश्विनी जगताप सुमारे ३६ हजार मतांनी विजयी झाल्या, आणि अपक्ष राहुल कलाटे यांनी ४० हजारांहून अधिक मते घेतली. विरोधकांनी ‘बंडखोरी झाली नसती तर’ असे म्हटले, ते चूक म्हणता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही, कारण बंडखोराची सगळी मते एकाच झोळीतली असतात असे गृहीत धरता येत नाही.

एवढे झाले की मतदान केंद्रनिहाय आकडे पाहावेत. निवडणूक आयोगाचा ‘नमुना २०’ म्हणजे अंतिम निकालपत्र. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो उपलब्ध होतो आणि प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली हे त्यात असते. एकूण आकड्याने जे झाकले जाते ते तेथे उघडे पडते. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या, तेव्हा बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांतली भाजपची आघाडी एकट्या मालेगाव मध्यने भरून काढली होती. फक्त अंतिम फरक पाहणाऱ्याला हा निकाल अटीतटीचा वाटेल. क्षेत्रनिहाय पाहणाऱ्याला दोन पूर्णपणे वेगळ्या निवडणुका दिसतील.

जागा रिकामी कशी झाली आणि मतदान कधी लागले

मृत्यूमुळे रिकामी झालेली जागा आणि राजीनाम्यामुळे रिकामी झालेली जागा यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्या प्रकारात घरातल्याच व्यक्तीला उमेदवारी मिळाली की मतदार सहसा कठोर होत नाही. अंधेरी पूर्वमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर ऋतुजा लटके सहज निवडून आल्या आणि १२,८०६ मतांसह ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. अशा निकालातून लाटेचा अर्थ काढणे व्यर्थ आहे. दुसऱ्या प्रकारात मतदार हिशेब मागतो. २०१९ मध्ये साताऱ्यात लोकसभेवर निवडून आल्यानंतर काही महिन्यांतच उदयनराजे भोसले यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा सुमारे ८७ हजार मतांनी पराभव केला. नाशिकने तर तिसराही प्रकार पाहिला आहे: संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये येथून लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून गेले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-क नुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. मात्र मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा वेळेत निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तर अपवाद होतो. न झालेली पोटनिवडणूकही यामुळे राजकीय परिणामांत धरावी लागते. गिरीश बापट यांच्या निधनानंतर पुण्याची लोकसभेची जागा रिकामी राहिली, तेव्हा कसब्याच्या धक्क्यामुळेच ती टाळली जात असल्याची टीका विरोधकांनी केली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

पहिले पंधरा दिवस पक्षांकडे पाहावे

माझ्या मते खरे पडसाद येथेच उमटतात, आणि नेमके येथेच लोकांचे लक्ष उडालेले असते. निकालानंतर कोणी राजीनामा दिला, कोणाला नोटीस गेली, पराभूत उमेदवाराच्या घरी कोण गेले आणि कोण गेले नाही, जिल्हाध्यक्षांनी पत्रकार परिषदेत कोणाचे नाव घेणे टाळले, यांची तारीखवार नोंद ठेवावी.

याचा धडा नाशिकला दूर शोधावा लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागलेला नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाचा निकाल ही पोटनिवडणूक नव्हती, विधान परिषदेची नियमित निवडणूक होती. पण पडसाद कसे वाचावेत हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. काँग्रेसने विद्यमान आमदार सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली, त्यांनी अर्जच भरला नाही, आणि त्यांचे पुत्र सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून उभे राहिले. पक्षाने दोघांवर निलंबनाची कारवाई केली, महाविकास आघाडीने शुभांगी पाटील यांना पाठिंबा दिला, आणि भाजपने आपला अधिकृत उमेदवारच दिला नाही. नाशिक, अहमदनगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांनी सत्यजीत यांना २९ हजारांहून अधिक मतांनी विजयी केले. पक्षाकडून आलेले एबी फॉर्मच, म्हणजे अधिकृत उमेदवारीची पत्रेच, चुकीची होती, असा आरोप त्यांनी निकालानंतर केला.

मतदारांचे काम येथे संपले. त्यानंतर काही दिवसांतच सत्यजीत यांचे मामा आणि काँग्रेसचे विधिमंडळ पक्षनेते बाळासाहेब थोरात यांनी पदाचा राजीनामा दिला, आणि प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्याबरोबर काम करणे अशक्य असल्याची त्यांची भूमिका चव्हाट्यावर आली. म्हणजे एका जागेच्या निकालाने राज्यातल्या एका पक्षाचे दोन सर्वोच्च नेते समोरासमोर उभे केले. हे भांडण त्या निवडणुकीने निर्माण केले, असे म्हणणारा वाचक पुन्हा चुकेल. ते आधीपासून होते, निवडणुकीने केवळ त्याला तारीख दिली. त्यामुळे नोंद करताना ‘निकालामुळे काय झाले’ आणि ‘निकालाचे निमित्त होऊन काय बाहेर आले’ असे दोन वेगळे रकाने करावेत. माझ्या वहीत दुसरा रकाना नेहमी जास्त भरतो.

पक्षप्रवेशांच्या बातम्यांना मात्र फार वजन देऊ नये. निकालानंतर आठवडाभर ‘खिंडार’ हा शब्द रोज छापला जातो. प्रवेश करणाऱ्याकडे आज कोणते पद आहे आणि त्याच्या वार्डात मागच्या वेळी किती मते होती, एवढे दोन प्रश्न विचारले की बहुतेक खिंडारे बुजतात.

सभागृहातील वजन

हा भाग लवकर आटोपतो. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आहेत आणि बहुमताला १४५ लागतात. सत्ताधाऱ्यांकडे भरपूर बहुमत असेल, तर एका जागेने सरकार हलत नाही. पंढरपूर हरूनही आघाडी सरकार टिकले, आणि पुढे जून २०२२ मध्ये ते पडले ते शिवसेनेतील फुटीमुळे. एका मताची किंमत खरी वाढते ती राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत, जेथे आमदारच मतदार असतात. म्हणून पोटनिवडणुकीनंतर अशी निवडणूक कधी येणार आहे, हे दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवावे. निकालाला आव्हान द्यायचे असल्यास निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. ती तारीख उलटेपर्यंत विजेत्यालाही निर्धास्त मानू नये.

पुढच्या निवडणुकीचे भाकीत करताना

भाकीत करूच नये असे मी म्हणणार नाही, कारण तो मोह नाशिककरांना आवरत नाही आणि मलाही नाही. पण मुदत छोटी ठेवावी. मार्च २०१८ मध्ये भाजपने गोरखपूरची जागा, म्हणजे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सोडलेली जागा, गमावली आणि पुढच्याच वर्षी परत जिंकली. आपल्या जिल्ह्यात जून २०२४ मध्ये नाशिक आणि दिंडोरी या लोकसभेच्या दोन्ही जागा महायुतीने गमावल्या, कांद्याच्या निर्यातबंदीचा राग त्यामागे असल्याचे घरोघरी बोलले गेले. आणि नोव्हेंबरमध्ये त्याच जिल्ह्यातील १५ पैकी १४ विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. जूनमधील राग खोटा नव्हता. तो पाच महिने टिकेल, हे गृहीतक खोटे होते.

कसब्यातही हेच झाले, आणि म्हणूनच पहिल्या दिवसाचे कोष्टक जपून ठेवावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये धंगेकर आणि रासने पुन्हा समोरासमोर आले. धंगेकर यांना सुमारे ७० हजार मते मिळाली, म्हणजे पोटनिवडणुकीपेक्षा जेमतेम तीन हजार कमी. रासने मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेले आणि १९ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. घरी बसलेला मतदार बाहेर आल्याखेरीज ही वाढ झाली असती असे मला वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये धंगेकर यांनी काँग्रेस सोडून शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला.

आता मी प्रत्येक पोटनिवडणुकीच्या पानावर विजेत्याच्या नावाखाली पराभूत उमेदवाराचेही नाव लिहितो आणि पुढे एक रकाना रिकामा सोडतो: पक्षाने त्याला पुढच्या वेळी उमेदवारी दिली की नाही. साताऱ्याच्या पानावर उदयनराजेंपुढे २०२० मध्ये राज्यसभा आणि २०२४ मध्ये पुन्हा साताऱ्याचा विजय लिहिला आहे. कसब्याच्या पानावर रासने यांचा रकाना वीस महिन्यांनी भरला, आणि त्याच पानाच्या माथ्यावर ‘हवा बदलली’ हे माझे दोन शब्द अजून तसेच आहेत.