मक्याचा वाण खोडकुजीला टिकतो का? शेतात चाचणी अशी लावा

बियाण्याच्या पिशवीवर 'रोगप्रतिकारक' असं छापलेलं असतं. कोणत्या रोगाला, ते बहुतेक वेळा नसतं. करप्याला दाद न देणारा वाण जिवाणूजन्य खोडकुजीत आडवा पडू शकतो. गेल्या खरिपात ज्या रानात तुऱ्याच्या सुमारास हिरवीगार ताटं सुकून कोलमडली, तिथं यंदा दोन-तीन वाण शेजारी शेजारी लावून बघावेत.

रोग डिकेया झिये या जिवाणूचा. ३०-३५ अंश तापमान, दमट हवा आणि सरीत तुंबलेलं पाणी मिळालं की तो उचल खातो. चाचणीत खरा घोळ होतो तो उतारामुळे. खालच्या तुकड्यात पाणी साचतं, वरच्या रोगट ताटांचं पाणीही तिथंच उतरतं आणि खापर वाणावर फुटतं.

म्हणून प्रत्येक वाणाच्या ५ मीटर लांबीच्या ४ ओळी ६० × २० सेंमीवर टोकाव्यात. ओळीत २५ म्हणजे एकूण १०० ताटं, टक्केवारी काढायला वही-पेन्सिल नको. अशी मांडणी उताराच्या वर, मध्ये आणि खाली करावी, दर ठिकाणी वाणांचा क्रम बदलावा. सोबत तुमच्याकडे हमखास कुजणारा एक जुना वाण हवाच. तोच ठणठणीत राहिला तर त्या वर्षी रोग आलाच नाही असं समजा आणि नव्या वाणाला शाबासकी देऊ नका.

पेरणी एकाच दिवशी, खत सगळीकडे सारखं: हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश; त्यातलं नत्र तीन हप्त्यांत. एखाद्या तुकड्यात युरिया जादा पडला तर ताटं लुसलुशीत होतात आणि तिथली तुलना वाया जाते. भर देताना खोडाला खुरपं लागू देऊ नका. जिवाणू जखमेतून सहज शिरतो.

चाळिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला मोजणी करा. जमिनीलगतची पेरी तपकिरी, पाणचट, मऊ झालेली, ताट पिळवटून पडलेलं आणि आंबूस दुर्गंधी, ही खूण. संशय आला तर खोड उभं चिरा. फुलोऱ्यानंतर सुकलेल्या ताटात वास नसून धाग्यांवर काळे बारीक कण दिसले तर ती बुरशीची कुज, वेगळी नोंदवा. पोंग्यात विष्ठा असेल तर लष्करी अळीचं काम. लवकर आणि उशिरा येणारे वाण तारखेवर नव्हे, तुऱ्याच्या अवस्थेवर ताडून बघा. एका हंगामावर बियाणं बदलू नये, दोन तरी बघावेत.

संशोधन केंद्रात पावसाच्या भरवशावर राहत नाहीत. साधारण ४०-५० दिवसांच्या ताटात, बुडाकडून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्यात सुईनं जिवाणूंचं द्रावण टोचतात आणि सड किती पसरली त्यावर १ ते ९ गुण देतात. गुण जितके कमी, तितका वाण तगडा. हा प्रयोग आपल्या रानात मुळीच करू नये. जिवाणू पिकाच्या अवशेषांत राहतो आणि पुढच्या मक्याला भोवतो.

मोजून झालेलं रोगट ताट उपटून शेताबाहेर पुरा, पाटात टाकू नका. ३३ टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरची आळवणी (एकरी ४ किलो, तुरा येण्याआधी) करायची असेल तर चाचणी सोडून बाकीच्या मक्याला करा. चाचणीत एकाच वाणाला दिली तर मोजणीला अर्थ उरत नाही. पावडर युरियात मिसळू नका, घातक वायू सुटतो.