गाल सारखे लाल? ट्यूब बाजूला ठेवा
आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, म्हणून लाल गाल म्हणजे ऊन लागलं, असंच सगळे धरून चालतात. पण सावलीत बसूनही नाका-गालांची लाली उतरत नसेल, वर पुरळ येत असेल, तर तो रोझेशिया, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा एक आजार, असू शकतो. सावळ्या चेहऱ्यावर लाली सहज दिसत नाही, नुसती आग जाणवते. मेडिकलमधून मनाने गोरेपणाची ट्यूब आणू नका. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. आधी बरं वाटतं, मग दुप्पट भडकतं. शेतात सकाळी लवकर जा, सुती दुपट्टा बांधा, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. चुलीची धग, उकळता चहा, तर्री, यांतलं नेमकं काय भोवतं ते वहीत टिपा. (सगळंच सोडू नका; तर्रीशिवाय पोहे कोण खाणार!) डोळे चुरचुरत असतील तर मात्र लगेच दवाखाना गाठा.