फळं-चीजच्या काड्या करताय? आधी या चुका टाळा

गॅस पेटवायचा नाही म्हणजे काम नाही, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेळगावात हल्ली पहिला वाढदिवस असो, बारसं असो की नुसती भिशी, टेबलावर फळं-चीजच्या काड्यांचं, म्हणजे काडीवर ओवलेल्या फळांच्या आणि चीजच्या तुकड्यांचं ताट असतंच. बेत चांगला आहे. लहानमोठी सगळी खातात, तेलकट नाही, हात खराब होत नाहीत. पण बहुतेक ठिकाणी ताटाच्या तळाशी पाणी साचलेलं, सफरचंद काळवंडलेलं आणि चीजला बोट लावलं की बुळबुळीत. मग यजमानीण म्हणते, "फळंच चांगली मिळाली नाहीत हो." फळं बिचारी चांगलीच असतात.

आदल्या रात्री ओवून ठेवणं

सगळ्यात जास्त घात यानंच होतो, म्हणून यावर जरा सविस्तर बोलते.

शहापुरातल्या एका ओळखीच्या घरी नातवाचा पहिला वाढदिवस होता. एप्रिल महिना, कार्यक्रम गच्चीवर. पुण्याहून आलेल्या लेकीनं मोबाइलवर व्हिडिओ बघून रात्री जागून सगळ्या काड्या ओवल्या. अननस, चीज, काळी द्राक्षं, सफरचंद, कलिंगड, सगळं एकाच काडीवर. वरून चाट मसाला. मग स्टीलच्या मोठ्या डब्यात थरावर थर रचून, झाकण लावून फ्रिजमध्ये. मी दुपारी सहज गेले होते तेव्हा "काय करूलालीस गं?" विचारलं, तर म्हणाली, "काही नाही काकू, सगळं रात्रीच झालंय, आता नुसतं मांडायचं." मी डबा उघडून बघू म्हटलं तर नको म्हणाली, गार हवा जाते म्हणे.

साडेपाचला फोन आला. "काकू, जरा येतासा काय?"

डबा उघडला तर तळाला बोटभर गुलाबी पाणी. खालच्या थरातल्या काड्या त्यात बुडालेल्या. कापलेल्या फळाला मीठ लागलं की ते पाणी सोडतं, कोशिंबिरीला सुटतं तसंच, आणि चाट मसाल्यात मीठच तर असतं. कलिंगडाला तर मिठाचीही गरज नसते. त्या पाण्यात चीज रात्रभर भिजलं, आणि अननसाला टेकलेल्या बाजूनं तर चिकट होऊन कडू लागत होतं.

मग काय, चीज आणि कलिंगड टाकलं. अननस वेगळा काढून धुतला आणि तिखट-मीठ लावून बशीत ठेवला. सफरचंद घरातल्यांनी खाल्लं. न कापलेली द्राक्षं तेवढी कामाला आली. तिच्या भावाला पेरू आणि चीजचे डबे आणायला पिटाळलं. साडेसातला काड्या टेबलावर गेल्या, आणि पाहुणे त्यानंतर आले. आपल्याकडे सातचा कार्यक्रम म्हणजे साडेआठ, हे त्या मुलीला पुण्यात राहून विसरायला झालं होतं. हीच गोष्ट हिशेबात धरा. पत्रिकेवरची वेळ बघून ओवू नका, पहिली गाडी दारात लागली की ओवायला बसा. दोघी बसल्या की पन्नास काड्या अर्ध्या तासात होतात.

माझी पद्धत अशी. फळं सकाळी धुऊन, पुसून, अख्खीच ठेवते. चीज कापून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. फळं कापायची ती शेवटच्या तासात, आणि प्रत्येक फळाची परात वेगळी. कापल्यावर सुती पंचावर पसरून वरून दुसरा पंचा दाबते. एवढ्यानं अर्धी भानगड मिटते. पण नवशिक्या मुलींना हेच नको असतं. "पुसायचं कशाला, खायचंच तर आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही, पंचा हातात देते.

चाट मसाला वाटीत शेजारी ठेवायचा. ज्याला हवा तो घेईल.

अननस आणि चीज

शिरसी-बनवासीकडचा अननस वास आणि गोडी दोन्हीत उत्तम, त्यामुळे तो टाळा असं मी म्हणणार नाही. पण ताज्या अननसात ब्रोमेलिन असतं आणि ते प्रथिनं तोडतं. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, त्यातलं पपेन हेच काम करतं. चीज आणि पनीर म्हणजे दुधातली प्रथिनंच. ताजा अननस टेकला की काही वेळानं ती मऊ पडायला लागतात आणि कडवट होतात. किवीचीही तीच गत.

ओवून लगेच खाल्लं तर काही बिघडत नाही. तासभर ठेवायचं असेल तर बाजारात मिळणारा टिनच्या डब्यातला अननस घ्या. तो बंद करताना तापवलेला असतो, त्यामुळे ब्रोमेलिन निकामी झालेलं असतं. फक्त पाक निथळून कोरडा करा. मधे द्राक्ष ओवलं की झालं, असं कुणी सांगेल. रस खाली ओघळतोच, त्यामुळे मला ती युक्ती पटत नाही. मी तर अननस आणि चीज वेगवेगळ्या काड्यांवर लावते, आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

चीज कुठलं आणि कसं

स्लाइस नको. ते सॅण्डविचसाठी असतं, काडीवर घडी घालून ओवलं की लोंबतं. घरी फाडलेलं मऊ पनीरही नको, टोचलं की भुगा होतो. क्यूब घ्या. दोनशे ग्रॅमच्या डब्यात पंचवीस ग्रॅमचे आठ क्यूब असतात. एकाचे चार केले की बत्तीस तुकडे. तीस पाहुण्यांना दोन-दोन काड्या, काडीला दोन तुकडे, म्हणजे चार डबे पुरतात. चीज फ्रीझरमध्ये ठेवू नका, भुसभुशीत होऊन कापतानाच तुटतं. सुरी पाण्यात बुडवून कापा म्हणजे चिकटत नाही. ओवताना काडी थेट खुपसायची नाही, फिरवत घालायची. खुपसलं की तडा जातो.

फळांची निवड

केळं, पिकली पपई, चिकू यांना काडीवर जागा नाही. हापूस तर अजिबात नको. एवढ्या पैशाचा आंबा टोचून त्याचा लगदा का करायचा? स्ट्रॉबेरी जानेवारी-फेब्रुवारीत चांगली मिळते, देठ ठेवून धुवायची आणि मगच देठ काढायचा, नाहीतर आत पाणी भरतं. सफरचंद कापल्याबरोबर तांब्याभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं ठेवलं की लगेच काळं पडत नाही. लिंबू लावलं तरी चालतं, पण चव येते.

माझं आवडतं फळ पेरू. घट्ट, स्वस्त, पाणी सोडत नाही आणि खारट चीजबरोबर अगदी जमतो. पार्टीत पेरू गावठी दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात आणि बेचव परदेशी नासपतीला दुप्पट पैसे मोजतात. मे महिन्यात खानापूरकडून काप्या फणस आला तर त्याचा घट्ट गराही एकदा ओवून बघा. बरका नव्हे, काप्याच.

आणखी काही, थोडक्यात

बांबूच्या काड्या भिजत घालू नका. ते कबाबासाठी, आचेवर जळू नयेत म्हणून करतात. इथे भिजवलेली काडी फळाला ओल देते, दुसरं काही नाही.

सगळे तुकडे एकाच मापाचे, साधारण पाऊण ते एक इंचाचे. त्यातल्या त्यात मोठा तुकडा खाली, म्हणजे बाकीचं घसरत नाही.

बाहेरून कापलेली फळं विकत आणू नका. यावर चर्चा नको.

कुंदा, म्हणजे आपली खव्याची मिठाई, आधी वाढू नका. बेळगावात पाहुण्याच्या हातात पहिल्यांदा कुंदाच ठेवायची खोड आहे, पण त्यावर द्राक्ष खाल्लं की गोड द्राक्षही आंबट लागतं आणि बोल फळवाल्याला बसतात. काड्या आधी, कुंदा शेवटी.

उन्हाळ्यात गच्चीवर ताट तासाभराच्या वर उघडं ठेवू नका, इतर दिवसांत फार तर दोन तास. चार काड्या संपल्या की फ्रिजमधून चार आणा. एकदम शंभर मांडल्या की फोटो चांगला येतो, बाकी फायदा काही नाही.

लहान मुलांचं मात्र गांभीर्यानं घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीच द्यायचं नाही, घशात अडकतं. उभे चार भाग करायचे. आडवे दोन केले तरी गोल तो गोलच राहतो. त्यांना टोकदार काडी नको आणि टूथपिक तर नकोच, वाटीत तुकडे द्या. मोठ्या मुलांसाठी ओवून झाल्यावर कात्रीनं टोक छाटायचं. गच्चीवर पोरं पळत असतात आणि आया गप्पांत असतात, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणावर सोडू नका.

उरलेल्या काड्या तशाच फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका. आत राहिलेल्या असतील तर फळं आणि चीज वेगळी करून ठेवा, चीज सकाळी पराठ्यात चालतं. गच्चीवर तासन् तास फिरून आलेलं ताट मात्र सरळ टाकून द्या, सासूबाई काहीही म्हणोत.