फ्लोरस्पारचं फ्लोराइड पाण्यात कसं घालतात

पाणी तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि फोंड्याला आमच्या घरी अजून बांयचंच, म्हणजे विहिरीचंच, पाणी पितात. म्हणून आधी हे सांगते: दात किडू नयेत म्हणून फ्लोरस्पार, म्हणजे फ्लोराइड असलेला खनिज दगड, पाण्यात घालण्याचा हा प्रयोग घरच्या बांयवर करू नका. उपसा किती, झरा किती, याचा हिशेब तिथे लागत नाही. हे जलशुद्धीकरण केंद्राचं काम, तेही आरोग्य खात्याच्या परवानगीनं. जास्तीच्या फ्लोराइडनं दात-हाडं बिघडलेली कितीतरी गावं आपल्या देशात आहेत. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तरच १.५.

तेव्हा आधी मोजा, वर्षातून एकदा नव्हे, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं. समजा पाण्यात मुळात लिटरला ०.२ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ०.७ वर न्यायचंय. आपल्या उकाड्यात माणसं पाणी जास्त पितात, त्याच्या वर जाऊ नये. तूट ०.५, म्हणजे लाख लिटरला ५० ग्रॅम फ्लोराइड. शुद्ध फ्लोरस्पारमध्ये ते ४८.७ टक्के असतं, म्हणजे १०३ ग्रॅम दगड. ९५ टक्के शुद्ध माल असेल तर १०८. गुजरातेत आंबाडुंगरला हा दगड सापडतो. कुठलाही घ्या, शिसं आणि आर्सेनिक तपासल्याशिवाय नको.

खरी अडचण विरघळवण्याची. साध्या पाण्यात लिटरला जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळतो. पूड तळाशी पिठासारखी बसून राहते. म्हणून ती तुरटीच्या द्रावणात ढवळतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरतं आणि दगड सुटत जातो. हेच द्रावण नेहमीच्या तुरटीच्या जागी, गाळणीच्या आधी सोडायचं.

पण तीच तुरटी गाळ होऊन बसताना थोडं फ्लोराइड सोबत नेते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत याच गुणावर चालते. तिथे फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी कितीतरी जास्त घालतात. त्यामुळे कागदावरच्या हिशेबावर थांबू नका, गाळलेलं पाणी पुन्हा मोजा.

मोजतानाही जपा. एका प्रयोगशाळेत मी स्पॅडन्स पद्धतीनं, म्हणजे लाल रंग किती फिका पडतो त्यावरून, ०.४ वाचलं आणि मात्रा वाढवायला निघाले होते. उरलेल्या ॲल्युमिनियमनं आकडा खाली ओढला होता; ऊर्ध्वपातन करून पुन्हा मोजलं तेव्हा ०.७ भरलं. आता मी फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोडच वापरते, आणि ॲल्युमिनियमची पकड सोडवणारं बफर नावाचं द्रावण घातल्याशिवाय आकडा लिहीत नाही. नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, आणि केंद्राबरोबरच वाहिनीच्या शेवटच्या नळाचाही घ्या.