कृष्णेची पट्टी: मशीनवरचं भरतकाम शिकवण्याआधीची तयारी

मशीनवरचं भरतकाम शिकवायचं ठरलं की आपण पहिली यादी दोऱ्यांची करतो, आणि तिथेच चुकतं. आधी ठरवायचं ते चित्र. ज्यांनी आजवर मशीनवर फक्त सरळ शिवण मारली आहे, त्यांची रेघ पहिल्या दिवशी वाकडीच येणार. तेव्हा वाकडी रेघ शोभेल असंच चित्र घ्या. मोर, कमळ, स्वस्तिक, देवीचा मुखवटा, सगळं पहिल्या खेपेला बाद. मुखवट्याचा एक डोळा जरा खाली उतरला की ती बाई पुन्हा मशीनजवळ बसत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून कराडच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी नदी घेतली. इथे राहून दुसरी कुठली घेणार, कृष्णाच. नदी कुठेही वळली तरी तिला कोणी चूक म्हणत नाही.

आठ जणी आहेत, म्हणून आठ ठिकाणं: महाबळेश्वर, वाई, माहुली, कराड, औदुंबर, सांगली, हरिपूर आणि नृसिंहवाडी. प्रत्येकीचा तुकडा पुरा झाल्यावर १४ इंच रुंद आणि १० इंच उंच. एकाखाली एक जोडले की ८० इंचांची पट्टी, उगम वर आणि वाडी खाली. आता सातही जोडांवर नदी जुळली पाहिजे, नाहीतर वाईची नदी माहुलीला पोचायचीच नाही. त्यासाठी नियम एकच: जोडावर नदी तुकड्याच्या बरोबर मध्यावर. पहिल्या जोडावर तिची रुंदी १ इंच, पुढे प्रत्येक जोडावर अर्धा इंच वाढवत सातव्या जोडावर ४ इंच. दोन जोडांच्या मधे ती कशीही फिरू दे. ही मापं पुठ्ठ्याच्या पट्टीवर कापून ठेवा. तोंडी सांगितलेलं माप आठ जणींकडे आठ तऱ्हांनी पोचतं.

ठिकाणं चिठ्ठ्या टाकून वाटू नका. वाईत घाट येणार, म्हणजे पायऱ्या, म्हणजे सरळ रेघा. तो तुकडा जिने ब्लाउज शिवलेत तिला. सांगलीला आयर्विन पूल. पूर आला की सगळ्यांचं लक्ष तिथल्या पातळीकडे असतं, म्हणून पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणांचे आखूड टाके घालायचे. तेही जरा हात बसलेलीलाच. सगळ्यात नवखी असेल तिला औदुंबर: झाडी, पाणी आणि पुन्हा झाडी. कराडची अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग नदी पूर्वेला वळते. आमच्या उभ्या पट्टीत कृष्णा वरून येते, मग कोयना खालून आणावी लागेल. आणि ती खालून आली तर पुढची नदी उतरणार कुठून? शेवटी कोयना डाव्या कडेने आणली. नकाशा खोटा झाला. वर्गातली कराडची मुलगी हे बोलून दाखवणारच, उत्तर तयार ठेवा.

दोऱ्यांचा विचार यातूनच निघतो. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्या एका ठिकाणी उगम पावतात अशी श्रद्धा आहे. त्यांतली वेण्णा माहुलीला कृष्णेला येऊन मिळते आणि कोयना कराडला. म्हणून तीन दोरे ठरवून टाका. कृष्णेचा मुख्य, वेण्णेचा वेगळा, कोयनेचा वेगळा. पहिल्या तुकड्यात तिन्ही रंग गोमुखातून एकत्र निघतात, वेण्णा आणि कोयना कडेने बाहेर पडतात आणि खाली आपापल्या संगमावर परत येतात. हे सांगितलं की आठ जणी एकमेकींच्या रिळाचा नंबर विचारायला लागतात, आणि वर्ग वर्गासारखा वाटू लागतो. निळा दोरा मात्र कमीच घ्या. नदी निळी असते हे शाळेतल्या चित्रकलेने आपल्या डोक्यात भरवलंय. पावसाळ्यात कृष्णा तांबूस गढूळ असते, उन्हाळ्यात हिरवट. मातकट, शेवाळी, राखाडी आणि चहात दूध जास्त झाल्यावरचा रंग, अशी रिळं जास्त लागतात. दोरा रेयॉनचा, १२० डेनिअर (दोऱ्याच्या जाडीचं माप), दुकानात भरतकामाचा रेशमी दोरा म्हणून मागितला तरी मिळतो. त्याला १४ नंबरची सुई. बॉबिनमध्ये साधा बारीक पांढरा दोरा पुरे.

जरीच्या दोऱ्याचा मोह आवरा. सुईच्या नेढ्यात तो सोलवटतो आणि दर चार इंचांवर तुटतो. उन्हात चमकणारं पाणी हवंच असेल तर जरी बॉबिनमध्ये हाताने भरा, बॉबिन केसचा स्क्रू किंचित सैल करा आणि कापड उलटं धरून मागून शिवा. चमक पुढच्या बाजूला येते. पण हा दुसऱ्या दिवशीचा पदार्थ आहे, तोही जिची भूक शिल्लक असेल तिच्यासाठी.

कापड मांजरपाट. आधी धुऊन घ्या, ते आटतं. मग खळ करून कडक इस्त्री. बाजारात खाली लावायला तऱ्हेतऱ्हेचे कागद मिळतात, पण खळीचा मांजरपाट रिंगमध्ये ढोलाच्या कातड्यासारखा ताणला जातो आणि शिकणारीला तेवढं पुरतं. तुकडा १४ बाय १० हवा असला तरी कापायचा १७ बाय १३. दाट भरतकामाने कापड आत ओढलं जातं, आणि कोण किती दाट भरेल हे आधी कळत नाही. एकीने गच्च भरलं आणि दुसरीने विरळ, तर दोघींचे तुकडे रात्रीत वेगवेगळ्या मापाचे होतात. शिवाय नदीच्या कडांच्या खुणा सरकतात. त्यावर उपाय असा की वरच्या आणि खालच्या कडेला दीड-दीड इंच नदी मोकळी सोडायची. तुकडे बेतून, जोडून झाले की मग जोडावरून सलग टाके घालत नदी भरायची. चार-चारच्या दोन पट्ट्या आधी पूर्ण करा, मधला जोड शेवटी. ८० इंचांची गुंडाळी मशीनच्या हाताखाली जात नाही, निम्मी जाते. ३६ इंच पन्ह्याच्या मांजरपाटात आठ तुकडे आणि सरावाचे २४ चौकोन चार मीटरांत बसतात.

वर लावायला जुन्या साड्या. वाकळ शिवणाऱ्या घरात त्या मागाव्या लागत नाहीत, गाठोडंच पुढे येतं. इरकलीचे काठ शेतांच्या बांधांना छान दिसतात. लाल आणि जांभळ्या खणाचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा, रंग उतरला तर बाजूला ठेवा. पट्टी धुवायची नाही हे खरं, पण इस्त्रीच्या वाफेनेही रंग पसरतो. साड्यांच्या या पट्ट्या तुकड्यावर धावदोऱ्याने टाचून आणायला सांगा. वर्गात टाचण्यात दुपार जाते.

आता मशीन. फोनवरच स्पष्ट करा की हे संगणकावर नक्षी भरून आपोआप चालणारं मशीन नव्हे, घरातलं साधं शिलाई मशीन आहे. नाहीतर कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येते. आमच्याकडे पाच मोटरची मशीन आणि तीन पायमशीन होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली तेव्हा तीच तीन कामाला आली. आदल्या संध्याकाळी प्रत्येक मशीनला तेल द्या आणि वाया गेलेल्या कापडावर पाच मिनिटं चालवून तेल पुसून काढा. नाहीतर पहिला डाग महाबळेश्वरवर पडतो. सुईखालचे, कापड पुढे ओढणारे दाते खाली करायची सोय सगळ्या मशीनला नसते. काहींना वरून बसवायची प्लेट असते, तीही हरवलेली असेल तर दाते काढूनच ठेवावे लागतात. हे रात्रीच करा, वर्गात स्क्रू शोधत बसू नका. टाक्याची लांबी शून्यावर. बॉबिन आणि बॉबिन केस ज्या मशीनचे त्याच मशीनबरोबर, डबीवर नाव लिहून. दिसायला सारखी असली तरी एका मशीनची दुसऱ्यात बसतीलच असं नाही. मोटरच्या पायपट्टीखाली पुठ्ठ्याची घडी सारून ठेवा, म्हणजे पाय कितीही दाबला तरी मशीन सुसाट सुटत नाही. या एका पुठ्ठ्याने माझ्या अर्ध्या सुया वाचल्या. रिंग आठ इंची आणि पातळ घ्या, जाड लाकडी रिंग सुईखाली सरकतच नाही. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा. आणि हातभरतापेक्षा रिंग उलटी बसते, कापड खाली मशीनच्या पाटाला टेकलेलं हवं, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

बिघडलेले नमुने. ही माझी सगळ्यात आवडती तयारी आणि तीच लोक करत नाहीत. वर दोरा लाल, खाली पांढरा घेऊन मुद्दाम बिघडवा. एका कापडावर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली न पाडता शिवा. फूट उचलायचा मागचा दांडा वर असला की टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या उघड्या राहतात आणि कापडाखाली लाल दोऱ्याचं घरटं होतं. फूट काढून ठेवलेला असला तरी दांडा खाली हवाच, आणि शंभरात शंभर जणी एकदा तरी तो विसरतात. दुसऱ्यावर वरचं टेन्शन घट्ट करा, पांढरा दोरा वर डोकावतो. तिसरं कापड रिंगमध्ये सैल लावा: चुण्या पडतात, टाके सुटतात. चौथ्यावर मशीन जोरात आणि हात संथ, गाठोळी होते. पाचव्यावर उलट: टाके लांबलचक होतात आणि सुई वाकून प्लेटवर आपटते. प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी टाचून हे भिंतीवर लावून ठेवा. मग वर्गात कोणी ‘बाई, माझं बिघडलं’ म्हणाली की भिंतीकडे बोट दाखवायचं. ती स्वतःच शोधून येते.

पहिल्या तासाला दोरा नाहीच. जुनी सुई, रद्दी वह्यांचे कागद, आणि बिनदोऱ्याने कागदावर भोकांची रेघ. साध्या शिवणीत दाते कापड पुढे ओढतात, इथे ओढणारं कोणी नाही. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड आपण हिंडवायचं. हे शब्दांत सांगून कळत नाही, कागदावर दहा मिनिटांत कळतं. पायमशीनवाल्या या वेळात चाक आपल्याकडे फिरवायची सवय करतात, उलटं फिरलं की दोरा अडकलाच. मग दोरा ओवून खालचा दोरा वर काढणं, दोन्ही टोकं धरून पहिले चार टाके जागेवर, आणि स्वतःचं नाव. कागदावरून ट्रेस करू नका, मोकळ्या हाताने. मराठी अक्षराला वरची रेघ असल्याने ते छान सलग जातं.

चित्र उतरवायला पूर्वी आम्ही टोचलेल्या खाक्यावरून, म्हणजे रेघांवर भोकं पाडलेल्या कागदावरून, रॉकेलमध्ये नीळ कालवून फिरवायचो. आता रॉकेल मिळत नाही आणि वासही कोणाला सोसत नाही. पिवळा कार्बन आणि खडू बास. चित्र जितकं कमी उतरवाल तितकं बरं, फक्त नदीच्या दोन कडा पुरेत.

पदर खोचलेला, वेणी मागे, बांगड्या उतरवलेल्या, चष्मा असेल तर डोळ्यावर. तुटलेल्या सुयांची एक डबी, आणि तुकडे मोजून. शिकणाऱ्यांना कापडाच्या जवळ बोटं नेऊ द्यायची नसतील तर स्प्रिंगचा रफूचा फूट लावा.

पतियाळाचे अरुण बजाज शिलाई मशीनवर धाग्यांची चित्रं करतात. ती चित्रं दुसऱ्या दिवशी चहानंतर दाखवा. पहिल्या सकाळी दाखवलीत तर आपली वाकडी नदी बघून सगळ्या गप्प बसतात.

शेवटचं राहिलं ते टांगण्याचं. मागे जुन्या चादरीचं अस्तर, वर दोन इंच रुंद नेफा, त्यात वेळूची काठी. अस्तराच्या कोपऱ्यात आठही नावं मशीननेच लिहायची, पहिल्या तासाला गिरवली तशीच. भिंत आधी मोजून या: पट्टीच साडेसहा फुटांच्या वर जाते. आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांना खिळा ठोकू देणार का, ते आठवडाभर आधी विचारा. आम्ही ऐन वेळी विचारलं, आणि पहिले दोन तास कृष्णा दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी पडून होती.