मॉडेल विमानाचे इंजिन बदलताना

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाचे मॉडेल एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नेताना केवळ नवे नाक बसवून भागत नाही. पिस्टन इंजिन बदलले की थंडाव्याची हवा, पंखा (प्रोपेलर) आणि शेपटी हे सारे बदलते, म्हणून कापाकापी सुरू करण्याआधी या तिन्ही गोष्टी कागदावर मांडून घ्याव्यात.

गोव्यात राहणाऱ्यांना याचा उत्तम नमुना बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहता येतो. तेथील फेअरी फायरफ्लाय टीटी १ (सरावाचे लक्ष्य ओढणारे विमान) हे मूळच्या मार्क १ वरून, म्हणजे पहिल्या आवृत्तीवरून, घडवलेले असल्याने त्याच्या ग्रिफन इंजिनाचा रेडिएटर नाकाखालीच आहे. त्याचे दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो घ्यावेत, कारण काउलिंगचा, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचा, खालचा उतार आराखड्यावरून नीट कळत नाही. मार्क ४ करायचे असेल, तर हा रेडिएटर काढून टाकून नाकाची खालची रेषा पुट्टीने सलग करावी, पंखांच्या पुढच्या कडेला मुळाशी नवे रेडिएटर बसवावेत, तीन पात्यांच्या जागी चार पात्यांचा प्रोपेलर लावावा आणि पंखांची टोके छाटावीत.

स्पिटफायर ९ वरून १४ करताना पंख्याकडे विशेष लक्ष द्यावे. १४ चे ग्रिफन इंजिन ९ च्या मर्लिन इंजिनाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे पात्यांचा पीळही उलटा असतो आणि जुनी पाती कामाची राहत नाहीत. शिवाय येथे ती पाच लागतात. काउलिंगवर सिलिंडरांच्या दोन्ही रांगांवरचे फुगवटे आणि रुंद झालेली शेपटी यांशिवाय हे रूपांतर पुरे होत नाही.

फोके-वुल्फ १९० ए वरून डी-९ करताना नाक लांबते, आणि त्याचा तोल साधण्यासाठी मागच्या धडात ५०० मिलिमीटरचा तुकडा घातलेला असतो. १:७२ प्रमाणात तो साधारण ७ मिलिमीटर भरतो. हा तुकडा राहिला तर पुढचे सुबक काम वाया जाते.

पंख्याच्या आसाची मध्यरेषा मात्र जुने नाक कापण्यापूर्वीच धडावर आखून ठेवावी.

पावसाळ्यात आपल्याकडे पुट्टी सावकाश वाळते, म्हणून ती पातळ थरांत लावावी, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पॉलिश पेपर फिरवावा, आणि दमट हवेत लॅकर रंगावर पांढरी झाक येत असल्याने रंगकाम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे.